पुलाच्या अलीकडचे इंग्रज

संकटात सापडलेला माणूस फोन लावतो आणि आधी 'काय झालं' ते सांगतो. घर पेटलंय, नवरा पडलाय, कुणीतरी दार फोडतंय. आणि आम्ही त्याला आधी विचारतो, 'कुठे?' त्याला वाटतं, काय दगड बाई आहे ही, माझं घर जळतंय आणि ही पत्ता विचारत बसलीय. पण 'काय' कळलं आणि फोन तुटला, तर मी नुसती हातावर हात ठेवून बसणार. 'कुठे' एवढं कळलं आणि मग फोन तुटला, तरी मी कुणालातरी तिकडे धाडू शकते. अमेरिकेत नाइन-वन-वन हा नंबर लावल्यावर पलीकडून जो आवाज येतो, तो आवाज होण्याची नोकरी मी व्हर्जिनियात वीसेक वर्षं केली. आता निवृत्त झालेय, पण घरात कुणी 'अगं, ऐकलंस का' म्हणालं की अजून माझ्या तोंडून 'कुठे?' निघतं.

अ‍ॅशबर्नच्या आमच्या मराठी मंडळींत या नोकरीचं कुणाला फारसं कौतुक नव्हतं. इथे ज्याला विचारावं तो डेटा सेंटरात, नाहीतर क्लाउडमध्ये. एकदा गणपतीत प्रसादाच्या रांगेत एका नवीन आलेल्या मुलीनं विचारलं, "काकू, तुम्ही कुठल्या टीममध्ये?" मी सांगितलं. "ओह, म्हणजे कॉल सेंटर," ती म्हणाली, आणि माझं वाईट वाटून घेऊन तिनं तिच्या वाटचा एक मोदक मला दिला. माझ्या सासूबाई साताऱ्यात सगळ्यांना 'सून पोलिसात आहे' म्हणून सांगायच्या. मी एकदा सुट्टीवर गेले तेव्हा आळीतल्या बायका मला बघायला आल्या आणि माझी उंची बघून हिरमुसून परत गेल्या.

तर ही नोकरी काय असते ते सांगते. एका मोठ्या खोलीत, खिडक्या नसल्यासारख्याच, आम्ही कानाला हेडसेट लावून बसतो. समोर चार-पाच पडदे. काही जण फोन घेतात, काही जण रेडिओवरून पोलिसांशी, अग्निशमनवाल्यांशी आणि अँब्युलन्सशी बोलतात. मी फोन घेणारी. मला जे ऐकू येतं ते मी टाइप करत जाते, आणि माझं वाक्य पुरं होण्याआधीच शेजारची टाशा ते रेडिओवर बोलत असते. टाशा मूळची रिचमंडची, माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि दीड फुटानं उंच. आमचं शेजारपण संसारासारखंच होतं. तिनं माझ्या डब्यातलं लोणचं खायचं आणि मी तिच्या मुलांची गाऱ्हाणी ऐकायची.

नियम थोडे, पण पक्के. 'काळजी करू नका' असं म्हणायचं नाही, कारण काळजी करण्यासारखंच काहीतरी असतं. आपण होऊन निष्कर्ष काढायचा नाही. माणूस जे सांगतो तेच लिहायचं. फोन करणाऱ्याला कधीही धोक्याच्या दिशेनं पाठवायचं नाही. आणि मदत पोचेपर्यंत आपण होऊन फोन ठेवायचा नाही.

बाकी गिऱ्हाइकं सगळ्या तऱ्हांची. एका मराठी घरी गृहप्रवेशाचा होम चालला होता. धुरानं अलार्म वाजला, आणि शेजारच्या घाबरट बाईनं आम्हाला फोन केला. बंब गेला. ते जवान पहाडासारखे, पायात गुडघ्यापर्यंत बूट. घरातल्या आजी उंबऱ्यात आडव्या आल्या, 'शूज आउट'. गुरुजींनी पूर्णाहुती होईपर्यंत मंत्र थांबवला नाही, जवान बाहेर हिरवळीवर थांबले, आणि परत येताना प्रत्येकाच्या हातात शिऱ्याचा द्रोण होता. त्यांच्या कॅप्टननं नंतर मला विचारलं की असे होम वर्षातून किती होतात, म्हणजे त्याला त्या दिवशी ड्युटी लावून घेता येईल.

पण या कामाचं एक दुखणं आहे, आणि ते कुणाला सांगून कळत नाही. एकदा हैदराबादच्या एका मुलाचा फोन आला. बायकोचे दिवस भरलेले आणि हायवेवर गाडी अडकलेली. मी कानात बसून त्याच्याकडून बाळंतपण करून घेतलं. तो रडत होता, ती ओरडत होती, आणि मग बाळाचा आवाज आला. मी म्हटलं, 'कोरड्या कपड्यात गुंडाळा'. तेवढ्यात अँब्युलन्सवाले पोचले आणि फोन बंद झाला. मुलगा की मुलगी, ते मला आजपर्यंत माहीत नाही. आम्हाला गोष्टीची सुरुवात ऐकायला मिळते. शेवट दुसऱ्या कुणाच्यातरी वाट्याला जातो. सुरुवातीला मी रडायचे, मग सवय झाली, आणि सवय झाली याचंही कधी कधी वाईट वाटायचं.

म्हणून आज मला ज्याचा शेवट कळला, त्या फोनबद्दल सांगायचंय.

ईस्टरनंतरचा शनिवार होता. सकाळची वेळ तशी निवांत, मी डब्यातला उपमा उघडला होता. फोन वाजला.

"हॅलो, पोलीस? हिअर फायरिंग इज गोइंग ऑन. मेनी मेन. विथ गन्स." माणूस वयस्क होता आणि कुजबुजत होता. पाठीमागे खरोखरच धाड धाड आवाज येत होते.

मी पत्ता विचारला.

"अ‍ॅड्रेस? धिस इज ब्रिज. डक्स आर देअर." मग तोंड बाजूला करून, "अगं, खाली वाक. डोकं नको काढू वर."

मी इंग्रजी सोडली. "काका, मी मराठी आहे. मराठीतच बोला. कुठे आहात तुम्ही?"

क्षणभर नुसता गोळ्यांचा आवाज. मग, "पोलिसात मराठी बाई?"

"हो. कुठे आहात?"

"नागपूर," काका म्हणाले. "म्हणजे मी ठोंबरे, नागपूरचा. पोरीकडे आलो आहो. आम्ही दोघं वॉकले निघालो होतो, तं इथं धडाधड गोळ्या चालून राहिल्या."

माझ्या पडद्यावर त्यांच्या फोनचा गोल आला होता तो नेमका ओढ्याच्या पाण्यावर. आमच्या काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्ह्याची, हद्द त्या ओढ्याच्या मधून जाते. अलीकडचा काठ आमचा, पलीकडचा शेजारच्या काउंटीचा. त्याच वर्षी तिथे पायी जाणाऱ्यांसाठी नवा पूल झाला होता. मी विचारलं, "पुलाला लाल कमान आहे का?"

"आहे. त्याच्या अलीकडे बेंच आहे, बेंचच्या मागं बुटकी भिंत आहे दगडाची. तिच्यामागं आम्ही आहो. हिचे गुडघे दुखतात, पळता येत नाही."

मी टाइप केलं, टाशा रेडिओवर बोलली, आणि सार्जंट मार्कस आणि त्याची माणसं निघाली. मार्कसला आम्ही सगळे ओळखत होतो. बोलायला शांत, रेडिओवर कधी आवाज न चढवणारा. तोवर खोलीतले सगळेच फोन वाजायला लागले होते. एका धावायला गेलेल्या माणसानं पुलावर लोक कोसळताना पाहिले होते. एका बाईला बाल्कनीतून रक्त दिसलं होतं. या देशात अशा फोनचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको.

"काका, त्यांचे कपडे कसे आहेत?"

"खाकी. डोक्यावर टोप्या. जुन्या काळचे गोरे सोजीर असायचे ना, तसे. आमच्या बाजूनं पुलावर धावून राहिले आणि पलीकडच्या घरांतून त्यांच्यावर गोळ्या येऊन राहिल्या. एक जण शिट्टी वाजवतो, की हे धावतात. पडतात. पुन्हा शिट्टी."

"किती जण पडलेत?"

"बरेच आहेत." मग त्यांचा आवाज बदलला. "बाई, एक सांगू का? माझ्यावर विश्वास ठेवा."

"सांगा."

"मेलेला माणूस चष्मा पुसून राहिला आहे."

मी टाइप करता करता थांबले. "काय?"

"पुलाच्या तोंडाशीच पडला आहे. त्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, घातला, आणि परत मेला."

मागून काकूंचा आवाज आला, "आणि ती बाई चहा घेऊन उभी आहे, ते सांगा ना."

काकूंना जे दिसलं होतं ते खरं होतं. भिंतीपासून थोड्या अंतरावर एक म्हातारी गोरी बाई, लांब झगा आणि पांढरा एप्रन घालून, एका टेबलाशी उभी होती. टेबलावर मोठी किटली, कप, आणि एक वेताची टोपली. इतक्या गोळ्या चालल्या असताना ती कपांवर फडकं झाकत होती.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे नाटक आहे. कुणीतरी कसली तरी जुनी लढाई इथे लावलीय. पण माझ्या डोक्यात काय पडलं याला आमच्या कामात किंमत नाही, आणि नसावी. समजा मी रेडिओवर कळवलं की हे खोटं आहे, मार्कस निर्धास्त पुढे गेला, आणि त्यातली एक बंदूक खरी निघाली तर? आणि काहीच नाही कळवलं तर? त्या खाकीवाल्यांची पाठ मार्कसकडे असणार. त्यांना सायरन ऐकू येणार नाही. ऐकू आला तरी तो खेळाचाच भाग वाटेल. पोलीस मागून ओरडतील, आणि त्यातला एखादा नुसतं 'काय झालं' म्हणून बंदुकीसकट वळेल. पोलीस अशा वेळी थांबत नाहीत, त्यांना थांबता येत नाही. चष्मा पुसणारा तो माणूस पुढच्या दोन मिनिटांत खरोखरच मेला असता.

मी ऐकलं तेवढंच लिहिलं. फोन करणारा म्हणतो, पडलेला एक माणूस चष्मा पुसतोय. फोन करणारा म्हणतो, जवळ एक बाई चहा देतेय. टाशानं वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जसंच्या तसं रेडिओवर सांगितलं.

"पुन्हा सांगा," मार्कस म्हणाला. त्याच्याकडून हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले.

टाशानं पुन्हा सांगितलं. त्यानं आपल्या माणसांना झाडांच्या आड थांबवलं, पण फार वेळ थांबवता येणार नव्हतं. समोर माणसं कोसळत होती.

मी शेजारच्या काउंटीचं बटण दाबलं. तिथे जोआन म्हणून एक बाई होती. आम्ही वर्षानुवर्षं एकमेकींना फोन जोडून देत आलो होतो, तोंड कधी पाहिलं नव्हतं. मी पूल म्हणाले आणि ती हसली. "अगं, ते आमचे आयरिश. डब्लिनची लढाई करतात दर वर्षी. आधी पार्कात करायचे, यंदा नवा पूल मिळाला म्हणून तिकडे गेले. परवानगी आहे की त्यांची."

"कुठल्या बाजूची?"

मला तिच्या की-बोर्डचा आवाज ऐकू आला. मग ती म्हणाली, "पलीकडच्या घरांची. म्हणजे आमच्या बाजूची."

"आणि आमच्या बाजूला जे इंग्रज आहेत ते?"

"इंग्रजांचं कुणी काही कळवलेलं दिसत नाही," जोआन म्हणाली. आता ती हसत नव्हती. "थांब, परवानगी घेणाऱ्याचा नंबर आहे माझ्याकडे. डेक्लन नाव आहे. मी लावते."

माझ्या एका कानात जोआन, एका कानात काका. टाशानं जोआनचं सांगणं मार्कसला कळवलं. पण अशा वेळी 'दुसऱ्या काउंटीकडून असं समजतं' एवढ्यावर कुणी बंदूक खाली करत नाही. खेळ थांबणं, हातातल्या बंदुका जमिनीवर येणं, हे व्हायलाच हवं होतं.

"घंटी जातेय," जोआन म्हणाली. "उचलत नाही."

आणि तेव्हा दुसऱ्या कानात, काकांच्या फोनमधून, गोळ्यांच्या मध्ये मला एक बारीक धून ऐकू आली. ती थांबली. जोआन म्हणाली, "पुन्हा लावते." ती धून पुन्हा सुरू झाली.

"काका, तिथे कुणाचा फोन वाजतोय?"

"टोपलीत वाजून राहिला आहे. टोपलीभर फोन आहेत त्या बाईजवळ. ती पाहून राहिली आहे, पण उचलत नाही."

त्याचं कारण मला नंतर कळलं. डेक्लनचा दंडक होता की त्या काळात मोबाइल नव्हते, तेव्हा खेळात कुणाच्या खिशात मोबाइल दिसता कामा नये. सगळ्यांचे फोन टोपलीत, आणि खेळ चालू असताना टोपलीला हात लावायचा नाही. ती बाई म्हणजे डेक्लनची बायको मॉरीन, नवऱ्याचा शब्द पाळत उभी होती.

काकांना तिच्याकडे पाठवणं मला शक्य नव्हतं. तो आमचा नियम, आणि त्या क्षणी मला तो खराही वाटत होता, कारण मार्कसची माणसं त्याच बाजूला होती आणि भिंतीआडून अचानक धावणारा माणूस त्यांना कसा दिसला असता कोण जाणे. मी विचारलं, "काका, न उठता, बसल्या जागेवरून तुमचा आवाज तिला पोचेल?"

काका काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "यांचा? अहो, नागपूरले चौथ्या मजल्यावरून टँकरवाल्याला हाक मारतात. इथं आल्यापासून पोरगी रोज म्हणते, बाबा हळू बोला, नेबर्स कम्प्लेंट करतील."

"काका," मी म्हटलं, "उठायचं नाही, डोकं वर काढायचं नाही. पण आता मुळीच हळू बोलू नका."

मी हेडसेट कानापासून दूर धरला तरी तो आवाज टाशाला ऐकू गेला. "ओ मॅडम. ओ चायवाल्या मॅडम. फोन. युअर फोन इज रिंगिंग. पिक अप. पिक अप." इतक्या दिवसांचं दाबून ठेवलेलं सगळं बोलणं त्या माणसानं त्या हाकेत घातलं होतं. पोरीच्या अपार्टमेंटमध्ये दोन महिने कुजबुजून काढलेले ते ठोंबरेकाका, त्या सकाळी नागपूरला परत गेले होते.

जोआन म्हणाली, "उचलला."

पुढचं मी काकांच्या डोळ्यांनी पाहिलं. "ती ऐकून राहिली आहे... फोन ठेवला तिनं. एप्रन सोडला. बाई, ती पुलावर चालली. एप्रन हातात धरून हलवून राहिली आहे. गोळ्या... गोळ्या थांबल्या."

खरंच थांबल्या होत्या. माझ्या कानात एकदम ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं, आणि बदकं.

"आणि?" मी म्हटलं.

"बंदुका खाली ठेवून राहिले. आणि उठून राहिले."

"कोण?"

"मेलेले. आधी मेलेले उठले, बाई. हात वर करून उठले."

त्याच वेळी रेडिओवर मार्कसचा आवाज आला, नेहमीसारखा शांत. सगळ्यांचे हात वर आहेत. मेलेल्यांचेसुद्धा. मग म्हणाला, कुणालाही इजा नाही. टाशानं माइक बंद केला आणि टेबलावर डोकं टेकलं. माझा जीव भांड्यात पडला.

"काका, आता उभे राहिलात तरी चालेल," मी म्हटलं. "पोलीस तुमच्याकडे येतील. तोपर्यंत फोनवर राहा."

फोन काकूंनी घेतला. "बाई, तुमचं आडनाव काय?"

मी सांगितलं.

"माहेरचं?"

तेही सांगितलं. सातारा म्हटल्यावर त्यांनी त्यांच्या जावेच्या भाचीचं सासर साताऱ्यात असल्याचं सांगितलं आणि मी त्यांना ओळखते का ते विचारलं. मी ओळखत नव्हते. मग म्हणाल्या, "पोरीला सांगू नका हं. वॉकले जाऊ देणार नाही ती." तेवढ्यात एक पोलीस त्यांच्यापाशी पोचला आणि नेहमीप्रमाणे फोन बंद झाला.

उपमा गार झाला होता. मी तो तसाच खाल्ला, आणि इतका चवीचा उपमा मी आजवर खाल्लेला नाही.

पुढच्या आठवड्यात डेक्लन आणि मॉरीन आमच्या ऑफिसात माफी मागायला आले. डेक्लन सत्तरीचा, निवृत्त प्लंबर, आणि पडलेल्या चेहऱ्याचा. हातात मनुका घातलेल्या ब्रेडचा मोठा गोळा. बंदुकांत नुसता बार होता आणि रक्त म्हणजे लाल रंग, हे आधी सांगून पुलावरची लढाई काय होती ती त्यानंच मला सांगितली. एकोणीसशे सोळाच्या ईस्टरच्या आठवड्यात आयर्लंडमध्ये, डब्लिनला, इंग्रजांविरुद्ध बंड झालं होतं. कालव्यावरच्या एका पुलापाशी, घरांच्या खिडक्यांतून, मूठभर बंडखोरांनी इंग्रजांची मोठी फौज दिवसभर अडवून धरली. इंग्रज अधिकारी शिट्टी वाजवायचा, सैनिक पुलावर धावायचे आणि पडायचे, पुन्हा शिट्टी वाजायची. त्यातल्या कितीतरी पोरांना धड बंदूक धरता येत नव्हती, असं म्हणतात. डेक्लनच्या आजीचा भाऊ एका खिडकीत होता, असं त्यांच्या घरी सांगत आले होते.

"मग तुम्ही पलीकडच्या खिडकीत असता?" मी विचारलं.

"कुठला," मॉरीन म्हणाली. "इंग्रज व्हायला कुणी तयार नसतं. सगळ्यांना खिडकीत बसायचं असतं. म्हणून घरच्या जावयांना इंग्रज करतात. एक इटालियन, एक कोरियन, दोघं टेक्सासचे. आणि त्यांना सांभाळायला कुणीतरी हवं म्हणून हा दर वर्षी शिट्टी वाजवतो."

चष्मा पुसणारा त्यांचा धाकटा जावई निघाला. मी त्याची चौकशी केली तेव्हा मॉरीनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिची मुलगी त्या वेळी पलीकडच्या खिडकीत होती, आणि झाडांच्या आडचे पोलीस तिला तिथून दिसत होते. कुणाकुणाचे जीव त्या दोन मिनिटांत टांगणीला लागले होते, ते मला त्या टेबलाशी बसून कळलं.

मी डेक्लनला म्हटलं, "तुम्ही स्वतः अलीकडे उभे होतात. बंदुका अलीकडे होत्या. आणि परवानगी फक्त पलीकडची घेतलीत?"

त्यानं ब्रेडचा गोळा टेबलावर ठेवला. "मॅडम, आमच्या घरात ही गोष्ट शंभर वर्षं खिडकीतून सांगतात," तो म्हणाला. "अलीकडे काय होतं ते कुणी सांगितलंच नाही. अर्ज लिहिताना माझ्या मनात अलीकडचा काठ आलाच नाही."

मी त्याला हसणार होते, पण हसले नाही. आमच्या साताऱ्याकडे बेचाळीसच्या गोष्टी अशाच सांगतात. आपल्या माणसानं कुठून उडी मारली, कुठल्या उसात लपला, कुणी त्याला भाकरी नेऊन दिली, सगळं तोंडपाठ. मागे धावणाऱ्या शिपायाचं नाव मात्र कधी कुणी घेत नाही, तोही शेजारच्याच तालुक्यातला असला तरी.

निघताना मॉरीन म्हणाली, "खऱ्या लढाईतही बायका पुलावर गेल्या होत्या. जखमींना पाणी द्यायला. तेव्हाही दोन्हीकडच्या गोळ्या थोडा वेळ थांबल्या होत्या. आम्ही तेवढा भाग कधी करत नव्हतो, खेळ लांबतो म्हणून." मग नवऱ्याकडे बघून, "आता करायचा."

आमच्या ऑफिसात या प्रकरणाची रीतसर चौकशी झाली. दोन्ही काउंट्यांनी अशा कार्यक्रमांची खबर एकमेकींना द्यायची असं ठरलं. बैल गेला आणि झोपा केला असं मी म्हणणार होते, पण खरं तर आमचा बैल गेला नव्हता, नशिबानं गोठ्यातच होता. ठोंबरेकाकांना डेक्लननं खास बोलावून चहा पाजला. त्यांच्या लेकीला सगळं कळलंच, कुणीतरी व्हिडिओ टाकला होता. तिनं मला फोन करून अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत थँक्स म्हटलं आणि शेवटी म्हणाली, "मावशी, आय विल नेव्हर टेल हिम टू बी क्वाएट अगेन. ऑलमोस्ट नेव्हर."

पुढच्या ईस्टरनंतरच्या शनिवारी, सकाळी, आमच्या ऑफिसच्या साध्या नंबरवर फोन आला. मीच घेतला. "डेक्लन बोलतोय," तो म्हणाला. "काही झालेलं नाही. आम्ही आता पुलावर मरायला सुरुवात करणार आहोत. दोन्ही काठांवर."

इतक्या वर्षांत 'काही झालेलं नाही' हे सांगायला आलेला तो माझा पहिला फोन. मी त्याला सवयीनं पत्ता विचारला, त्यानं दोन सांगितले, अलीकडचा आधी. मी लिहून घेतले आणि टाशाकडे दिले. दुपारी त्याचा पुन्हा फोन आला, आणि मग दर वर्षी येत राहिला, सकाळी एक आणि दुपारी एक. सकाळचा नियमाप्रमाणे, दुपारचा त्यानं आपल्या मनानं सुरू केलेला. त्या भेटीत मी बोलता बोलता सांगून गेले होते, ते धरून मॉरीननं त्याला सांगितलं होतं म्हणे, त्या बाईला शेवट कळत नाही कधी.

निवृत्त व्हायच्या आधीचा माझा शेवटचा ईस्टर होता. दुपारचा फोन थोडा उशिरा आला, आणि मी मान्य करते, मी मधूनमधून फोनकडे बघत होते.

"मॅडम," डेक्लन म्हणाला, "आमचे मेलेले सगळे उठले."

"कुठे?" मी विचारलं.

"अलीकडच्या काठावर," तो म्हणाला. "चहा पितायत."